दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आणि लांबचा प्रवास: आराम नेमका कशाने वाढतो?

वळणवाट (एडिसन, न्यू जर्सी)

माझ्याकडे २०१७ ची माझदा एमएक्स-५ आहे. कापडी छप्पर, सहा गिअर, बिल्स्टीन शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि १७ इंची चाके असलेली ही 'क्लब' प्रकारची गाडी आहे. गावातल्या गावात आणि रविवारच्या सकाळी तिच्यासारखी दुसरी गाडी नाही, याबद्दल घरात दुमत नाही. आता मात्र आम्ही दोघे तिच्यातून व्हर्जिनियातील स्कायलाइन ड्राइव्ह आणि तेथून पुढे ब्लू रिज पार्कवे या डोंगरी रस्त्यांनी नॉर्थ कॅरोलिनातील अ‍ॅशव्हिलपर्यंत जाण्याचा बेत करीत आहोत. महामार्गावर तीन तास झाले की माझी कंबर धरते, पत्नीचे डोके जड होते, आणि एकमेकांशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. गाडीला आधीच्या मालकाने बाहेरून घेतलेला स्पोर्ट्‌स सायलेन्सर बसवलेला आहे. मूळचा सायलेन्सर त्याने खोक्यात घालून दिला होता, तो गॅरेजमध्ये पडून आहे.

माझा विचार उंची कमी-जास्त करता येणारे चांगल्या दर्जाचे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा एकत्र संच) बसवण्याचा आहे, कारण हादरे कमी झाले की बाकीचे आपोआप सुसह्य होईल असे मला वाटते. खर्च दोन हजार डॉलरच्या पुढे जाईल. हा क्रम योग्य आहे का? माझ्या अटी दोनच आहेत: केलेला प्रत्येक बदल परत काढता आला पाहिजे, आणि गाडीचा मूळ स्वभाव जाता कामा नये.

स्वरसंधी (स्टुटगार्ट)

कॉइलओव्हरचे पैसे तूर्तास खिशातच ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. माझा व्यवसाय वाहनांतील ध्वनी आणि कंपन यांच्याशी संबंधित आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी दोन, म्हणजे डोके जड होणे आणि ओरडून बोलावे लागणे, या सरळसरळ आवाजाच्या आहेत. कंबरेची तक्रारही बहुधा आसनाची निघेल. स्प्रिंग या चित्रात बऱ्याच उशिरा येते.

प्रथम सायलेन्सरकडे पाहू. तुमच्या गाडीत सहाव्या गिअरचे गुणोत्तर १:१ आणि मागील डिफरन्शियलचे २.८६६ आहे. १७ इंची चाकांवर ताशी ११२ किलोमीटर, म्हणजे ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला साधारण २,८०० फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, त्यामुळे सायलेन्सरमधून येणाऱ्या आवाजाची मुख्य वारंवारता सुमारे ९३ हर्ट्‌झ येते. बाहेरून घेतलेले अनेक सायलेन्सर नेमके २,५०० ते ३,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात घुमतात, आणि अमेरिकेतला महामार्गाचा सगळा प्रवास याच पट्ट्यात होतो. हा घुमारा कानाला 'मोठा' वाटत नाही, पण तासन्‌तास एकाच स्वरात चालू राहतो आणि त्यानेच डोके जड होते.

या आवाजावर ब्युटिलचे (रबरासारख्या पदार्थाचे) चिकट पत्रे गाडीच्या आतून लावून काहीही उपयोग होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रतिसाद कोणीतरी तोच देणार आहे. ते पत्रे पातळ लोखंडाची थरथर थांबवतात. ९३ हर्ट्‌झची लहर त्यांना विचारतही नाही. उपाय दोन आहेत. एक, सायलेन्सरच्या नळीला बंद टोकाची एक बाजूची नळी जोडणे, जिची लांबी त्या लहरीच्या एक चतुर्थांश असते. नळीतील वायू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर धरावा लागतो, म्हणजे लांबी १.२९ मीटर येते. एवढी नळी त्या छोट्या गाडीखाली वळवून बसवणे शक्य आहे, पण तापमानाप्रमाणे लांबी जमवून घेणारा कारागीर लागतो. दुसरा उपाय फुकट आहे: खोक्यातला मूळ सायलेन्सर बाहेर काढा आणि प्रवासापुरता बसवा.

दुसरा आवाज वाऱ्याचा. छप्पर बंद असताना तो मुख्यतः काचेची वरची कड आणि छपराचे रबर जिथे भेटतात तिथून येतो. रबराच्या पट्ट्या स्वच्छ पुसून त्यांना सिलिकॉनचे वंगण लावावे; रबर मऊ झाले की फट मिटते. उघड्या छपराने महामार्गावर जाणार असाल तर कानाचा हिशेब वेगळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस दिवसात ८५ डेसिबल फार तर आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. मोटारसायकलस्वार वापरतात ते गाळणीचे कानबोळे (इअरप्लग) दोघांनीही जवळ ठेवावेत. त्यांतून भोंगे आणि बोलणे ऐकू येते, वाऱ्याची खरखर मात्र बरीच गळून पडते. गाणी ऐकायचे इअरफोन त्याऐवजी वापरू नका. व्हर्जिनियात ते दोन्ही कानांत घालून गाडी चालवणे बेकायदा आहे. कानबोळ्यांबाबतही राज्यागणिक नियम वेगळे आहेत, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

तिसरा आवाज टायरचा. त्यावर इथले जाणकार लिहितीलच.

घाटमाथा (पुणे)

स्वरसंधी यांच्याशी अर्धाच सहमत आहे. माझ्याकडे ७१८ बॉक्स्टर आहे आणि ती मी समृद्धी महामार्गावर नागपूरपर्यंत नेतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे. तिथे आवाजाने माणूस थकतो हे मान्य. पण तोच माणूस महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागला, की पहिल्या दोन गतिरोधकांतच त्याला शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे महत्त्व कळते. माझ्या गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा कडकपणा बटणावर बदलता येतो आणि मी तो बदलतो. त्यामुळे 'हादरे हा प्रश्नच नाही' हे विधान जर्मनीच्या रस्त्यावर बसून केलेले वाटते.

स्वरसंधी (स्टुटगार्ट)

हादरे हा प्रश्नच नाही असे मी लिहिलेले नाही. तो पहिला प्रश्न नाही, एवढेच म्हणालो. धागाकर्त्यांना वाटेत गतिरोधक लागणार नाहीत, शेकडो मैल इंटरस्टेट, म्हणजे राज्यांना जोडणारा महामार्ग, लागणार आहे. पुण्याहून नागपूरला निघणाऱ्याला माझाही सल्ला वेगळा असता.

मेधा_पाटणकर (ठाणे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्पोर्ट्‌स कार चालवत नाही, पण अशा गाड्या चालवणाऱ्यांच्या कंबरा पाहते. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची ४ ते ८ हर्ट्‌झची कंपने सर्वांत जास्त जाणवतात, हे आयएसओ २६३१ या मानकातही गृहीत धरलेले आहे. गंमत अशी की तीच कंपने नीट बसलेल्या माणसाला तासभर काही करीत नाहीत आणि वाकडे बसलेल्याला वीस मिनिटांत त्रास देतात.

अशा खोलगट गाडीत चूक जवळपास ठरलेली असते. पाय लांब पसरलेले, पाठ मागे रेललेली, आणि स्टिअरिंग गाठण्यासाठी खांदे पुढे ओढलेले. म्हणून क्रम असा ठेवावा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहील इतके आसन पुढे घ्यावे. मग पाठ इतकी उभी करावी, की खांदे न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. यानंतर मांडीखाली हात घालून पाहावा. गुडघ्यामागची चार बोटे सोडून बाकी मांडीला गादी लागत नसेल, तर सगळे वजन माकडहाडाजवळ एकवटते आणि तीच तुमची तीन तासांनंतरची कंबर असते.

कमरेच्या आधाराबद्दल एक सांगते. बाजारात मिळणाऱ्या जाड उशा या गाडीत घालू नयेत; मुळात जागा कमी, त्यात माणूस पुढे ढकलला जातो आणि डोके हेडरेस्टपासून दूर जाते. टर्किशचा छोटा टॉवेल गुंडाळून पट्ट्याच्या उंचीवर ठेवावा, आणि दर तासाला तो थोडा वर-खाली सरकवावा. मागच्या खिशातले पाकीट काढावे हे सांगायलाच हवे, कारण कोणी काढत नाही. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, आणि कमरेवर हात ठेवून दोन-चार वेळा मागे वाकावे. आधीपासून कंबर दुखत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील, तर धाग्यावर न विचारता प्रत्यक्ष दाखवावे.

वळणवाट

मेधाताई, मांडीखाली हात घालून पाहिला. जवळजवळ अर्धी मांडी अधांतरी आहे! अडचण अशी की माझ्या गाडीचे स्टिअरिंग फक्त वर-खाली होते, पुढे-मागे होत नाही; ती सोय २०१९ च्या मॉडेलपासून आली. आणि आसनाची पुढची कड उचलण्याची सोय माझ्या गाडीत फारशी नाही. तिथे काय करावे?

चाकोरी (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

याचा उपाय एमएक्स-५ वाल्यांत जुना आणि स्वस्त आहे. आसनाच्या रुळांचे पुढचे दोन बोल्ट काढून रूळ आणि फरशी यांच्यामध्ये पोलादी स्पेसर बसवतात. पुढची कड सेंटिमीटरभर उचलली गेली, की सगळी गादी मागे कलते आणि मांडीला टेकते. हे काम करताना तीन गोष्टी पाळाव्यात. बॅटरीची तार आधी काढून थोडा वेळ थांबावे, कारण आसनाखालून एअरबॅगची पिवळ्या जोडणीची वायर जाते आणि बाजूची एअरबॅग याच आसनाच्या पाठीत आहे. स्पेसरच्या जाडीमुळे बोल्टचे आटे कमी पकडणार असतील, तर त्याच दर्जाचा लांब बोल्ट घ्यावा. अपघातात माणसाला धरून ठेवणारा हा बोल्ट आहे, घरातल्या डब्यात सापडलेला चालणार नाही. आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानेच आवळावा. पत्नीच्या बाजूच्या आसनात वजन ओळखणारा संवेदक असतो, म्हणून त्या गादीचा फोम कापणे किंवा तिच्याखाली काही सारणे टाळावे. एअरबॅगच्या जागी शिवण न सोडलेले कव्हरही घालू नये.

आता टायर, जो माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे. तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर टायरमधील हवेचा दाब २९ पीएसआय असा लिहिलेला असेल. टायरच्या दुकानात गेलात की सवयीने ३५ भरून देतात, कारण येणाऱ्या बहुतेक गाड्यांना ते चालते. हजार किलोच्या आसपासच्या गाडीत सहा पीएसआय जास्त म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक सांधा थेट मणक्यात. सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या मापकाने तपासा. कॉइलओव्हरच्या आधी हे करून पाहा, याला पैसे पडत नाहीत.

नंतर टायरचे वय. बाजूवर 'डॉट' च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. जुने टायर नक्षी शिल्लक असूनही टणक होतात आणि ओरडतात. नवे घेताना उन्हाळी शर्यतीच्या जातीऐवजी शांत, प्रवासी जातीचे बारमाही टायर घ्यावेत. जास्त वजनासाठी बनवलेले 'एक्सएल' टायर शक्य तिथे टाळावेत, त्यांची बाजूची भिंत मुद्दाम ताठ केलेली असते. मात्र भारांक मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये.

अनेक जण १६ इंची चाकांवर जा असे सांगतात. हिशेब करून पाहा. तुमच्या २०५/४५ आर १७ टायरची भिंत (२०५ च्या ४५ टक्के) ९२.२५ मिलिमीटर आहे. १६ इंची मॉडेलला येणाऱ्या १९५/५० ची ९७.५. म्हणजे फरक जेमतेम सव्वापाच मिलिमीटरचा, आणि वर चाकाचा व्यासही १५ मिलिमीटरने घटतो, म्हणजे महामार्गावर इंजिनचे फेरे वाढतात. त्यापेक्षा २०५/५० आर १६ घेतले तर भिंत १०२.५ होते आणि व्यास मूळच्या जवळ राहतो. तो बदल जाणवण्याजोगा आहे. ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक असतील तर बहुतेक १६ इंची चाके बसतच नाहीत, हे आधी पाहावे.

शेवटी अलाइनमेंट. वळणांवर चपळ व्हावी म्हणून पुढच्या चाकांना किंचित बाहेर तोंड दिलेली गाडी महामार्गावर सतत रस्ता शोधत राहते आणि चालवणाऱ्याचे खांदे आवळलेले राहतात. आधीच्या मालकाने काय करून ठेवले आहे ते मोजून घ्या. लांबच्या प्रवासासाठी टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, शून्य किंवा जराशी आत ठेवावी.

घाटमाथा (पुणे)

चाकोरी, कॉइलओव्हरबद्दल तुमचे मत कळले नाही.

चाकोरी

महागडे आणि नीट जुळवलेले कॉइलओव्हर मूळच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरपेक्षा आरामदायी असू शकतात, हे खरे आहे. पण बहुतेक लोक ते बसवल्याबरोबर गाडी खाली घेतात, चाकाचा वर-खाली होण्याचा पल्ला कमी होतो आणि गाडी खड्ड्यागणिक बंप स्टॉपवर (चाकाची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) आपटते. मग दोष स्प्रिंगला दिला जातो. धागाकर्त्यांना हादऱ्यांचेच काही करायचे असेल, तर उलटी वाट धरावी. 'ग्रँड टुरिंग' प्रकारात मऊ शॉक अ‍ॅब्सॉर्बर येतात, आणि त्या गाड्यांचे मालक कॉइलओव्हर घातल्यावर मूळचा संच अगदी कमी भावात विकून टाकतात. हौशी लोकांनी काढून टाकलेला तो संच तुमच्या कामाचा आहे. तोही टायर आणि हवा यांचे काम झाल्यावर घ्यावा, कारण पुष्कळदा मग गरज उरत नाही.

सरळमार्गी (डोंबिवली)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रवासापुरती मोठी गाडी भाड्याने घेतलेली काय वाईट?

चाकोरी

वाईट काहीच नाही. पण ब्लू रिज पार्कवेवर ताशी ४५ मैलांची मर्यादा आहे, मालवाहू ट्रकना बंदी आहे आणि ४६९ मैल वळणेच वळणे आहेत. हलक्या दोन आसनी गाडीसाठी यापेक्षा योग्य रस्ता या देशात शोधावा लागेल. शिवाय तिथे त्रासही होत नाही: वेग कमी, घुमारा नाही, वारा सौम्य. या गाडीचा त्रास तिथे पोहोचेपर्यंतचा आहे. त्यामुळे आपण सगळे इथे जी चर्चा करीत आहोत ती पार्कवेसाठी नाहीच, ती इंटरस्टेट ८१ साठी आहे.

उनाडवारा (रिचमंड, व्हर्जिनिया)

चाकोरी यांचे शेवटचे वाक्य अधोरेखित करावेसे वाटते. इंटरस्टेट ८१ वर ट्रकांची रीघ असते. ही गाडी सव्वा मीटरही उंच नाही, त्यामुळे तुमचा कान आणि शेजारच्या अठराचाकीचे टायर जवळपास एकाच उंचीवर येतात. ट्रकच्या बाजूने रेंगाळू नये, आणि हा टप्पा छप्पर बंद ठेवून सकाळी लवकर उरकावा. छप्पर उघडायचे ते फ्रंट रॉयलला स्कायलाइन ड्राइव्हच्या फाटकापाशी. तिथली मर्यादा ३५ मैल आहे. काचा वर आणि आसनांमागची जाळी जागेवर असेल, तर त्या वेगात केसही फारसे विस्कटत नाहीत. ऊन मात्र फसवे असते. वाऱ्याने चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी कपाळ सोलते. टोपी घट्ट बसणारी हवी.

आता ज्या गोष्टीने मी सर्वांत जास्त वैतागते ती: या गाडीत बाटली ठेवायच्या दोन खोबणी दोन्ही आसनांच्या मध्ये, कोपराच्या मागे आहेत. उंच बाटली ठेवली की तिसऱ्यावरून चौथा गिअर टाकताना दर वेळी कोपर तिच्या झाकणावर आपटते, आणि पाणी प्यायचे तर खांदा मागे पिळावा लागतो. या खोबणी उपसून काढता येतात. एक काढून ती प्रवाशाच्या गुडघ्याजवळच्या बाजूला लावावी, तिथे तिच्यासाठी जागा केलेली आहे, आणि दुसरी घरी ठेवावी. कोपर मोकळे झाले की गाडी एका मापाने मोठी झाल्यासारखी वाटते. उजव्या पोटरीला गिअरबॉक्सच्या बोगद्याची ऊबही लागते. गालिच्याखाली उष्णतारोधक फोमचा तुकडा सारला तर ती कमी होते, आणि थोडा आवाजही.

डिकी १३० लिटरची आहे. चाकांची कडक बॅग आणू नका. चाके आणि दांडा यांतच जागा जाते. दोन मऊ पिशव्या, कपडे गुंडाळून, आणि उरलेल्या कोपऱ्यांत चपला. कागदपत्रांसाठी डॅशबोर्डात कप्पा नाही, कुलपाचा कप्पा आसनांच्या मागे आहे, तेव्हा टोलचे आणि चष्म्याचे सामान आधीच हाताशी ठेवावे. वजनाचेही पाहा: दाराच्या चौकटीवर माणसे आणि सामान मिळून किती, ते लिहिलेले असते, आणि दोन आसनी गाडीत तो आकडा वाटतो त्याहून लवकर भरतो. डिकीवरचा रॅक लावून घरसंसार न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

पेट्रोलची टाकी ४५ लिटरची आहे, पण पार्कवेवर एकही पंप नाही. खाली उतरून गावात जावे लागते. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने पार्कवेचे नॉर्थ कॅरोलिनातील बरेच भाग वाहून गेले होते, त्यामुळे कोणता तुकडा खुला आहे ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नकाशावर निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे.

वळणवाट

सर्वांचे मनापासून आभार. मूळ सायलेन्सर बसवून घेतला. टायरमधली हवा पाहिली तर चारही चाकांत ३६ होती, ती २९ केली. एवढ्यानेच काल पत्नीशी महामार्गावर साध्या आवाजात बोललो, आणि तिने कॉइलओव्हरचा विषय संपल्याचे जाहीर केले. टायर २०१८ च्या तारखेचे निघाले, म्हणून ते बदलणार आहे. १७ इंचीच ठेवतो, कारण माझ्याकडे ब्रेम्बोचे ब्रेक आहेत. स्पेसर मागवले आहेत. अलाइनमेंट नवे टायर बसले की करीन. एक प्रश्न उरतो. गाडीत स्टेपनी नाही, फक्त पंक्चर भरण्याचे द्रव आणि पंप आहे. पार्कवेवर टायर गेला तर?

चाकोरी

तळव्याच्या जागी खिळा घुसला असेल तर ते द्रव तुम्हाला जवळच्या गावापर्यंत नेईल. बाजूची भिंत फाटली असेल तर त्याचा उपयोग नाही, तिथे टो-ट्रकच लागतो. त्याहून चांगले म्हणजे दोरीचा पंक्चर-संच आणि छोटी पक्कड ठेवावी. त्याने टायर आतून चिकट होत नाही आणि नंतर दुकानदारही नीट दुरुस्त करून देतो. द्रवाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, २०१७ च्या गाडीतली बाटली मुदत उलटलेली असेल, ती बदला. पार्कवेवर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्या आणि रस्त्याकडेचे मैलाचे दगड पाहत चला. मदत मागताना तोच आकडा विचारतात. टो करताना सपाट फलाटाचा ट्रक मागा. गाडी जमिनीला इतकी जवळ आहे, की आकड्याने उचलली तर पुढचा बंपर घासतो.